जखमीला उठवून बसवण्याची घाई नको

माननीय संपादक,

माडावरून पडलेल्या पाडेल्याला (नारळ काढणाऱ्याला) किंवा रस्त्यावर घसरलेल्या दुचाकीस्वाराला बगलेत हात घालून लगेच उठवून बसवण्याची जी घाई आपल्या गोव्यात केली जाते, ती सद्भावनेने होत असली तरी घातक ठरू शकते. मेंदूच्या तळापासून निघून पाठीच्या कण्यातून प्रौढ माणसात साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत उतरणारा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम करंगळीएवढा जाड असतो; त्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या ३१ जोड्यांमार्फत मेंदूच्या आज्ञा हातापायांपर्यंत पोहोचतात आणि संवेदना परत येतात. मणका मोडला तरी रज्जू शाबूत असू शकतो, मात्र उचलाउचलीत मोडलेले हाड सरकल्यास तोही चिरडतो, आणि त्यातील तुटलेले तंतू हाडासारखे पुन्हा जुळत नाहीत. मानेच्या वरच्या भागातील इजेने तर श्वासपटल, म्हणजे श्वास घेण्याचा मुख्य स्नायूच, निकामी होऊ शकतो.

आग किंवा वाहतुकीचा धोका नसल्यास जखमीला हलवू नये. डोके व मान स्थिर धरून १०८ची रुग्णवाहिका बोलवावी. (पाणी पाजण्याचा आग्रहही टाळावा.) पाडेल्यांना आणि रिक्षाचालकांना याचे प्रात्यक्षिक देण्याचे काम पंचायतींनी आरोग्य केंद्रांच्या मदतीने हाती घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, फोंडा