स्ट्रोमाए ‘गायब’ झाला नव्हता

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एकेकाळी गाजलेल्या परदेशी गायकांवरचं एक पान होतं. त्यात बेल्जियमच्या स्ट्रोमाएच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या. एका नाचाच्या गाण्यावर जगभर गाजलेला डिस्को गायक, पुढे गूढ आजाराने गायब झाला, अशा आशयाच्या. वाचून राहवेना, म्हणून हे पत्र. तो डिस्को गातच नाही, त्याचं नाव एका गाण्यावर उभं नाही आणि त्याच्या आजारात गूढ काही नव्हतं. त्याबद्दल तो स्वतः दूरचित्रवाणीवर बसून बोलला आहे.

मी स्टुडिओत रिदम प्रोग्रामिंग करते, म्हणजे गाण्याचा ठेका संगणकावर बसवते. गायकाने तोंड उघडण्याआधी खालचा ठेका काय सांगतोय, हे ऐकणं माझं रोजचं काम आहे. त्यामुळे या माणसाबद्दल मी ठेक्याच्या बाजूनेच बोलणार.

त्याचं खरं नाव पॉल व्हान हावेर. जन्म ब्रसेल्सचा, १९८५ चा. आई बेल्जियमची, डच बोलणाऱ्या फ्लेमिश समाजातली. वडील रवांडाचे, १९९४ च्या वंशसंहारात ते तिकडे मारले गेले. मुलाला त्यांचा सहवास जवळपास नव्हताच, त्याला आईनेच वाढवलं. अकराव्या वर्षी तो ब्रसेल्समधल्या जेट भागातल्या संगीत अकादमीत ड्रम शिकायला लागला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच्या गाण्यांत सूर नंतर येतो, आधी हात येतो. मग रॅप करून झालं, चित्रपटाचं शिक्षण घेताना फीसाठी बर्गरच्या दुकानात काम करून झालं आणि एनआरजे या रेडिओ केंद्रावर उमेदवारी चालू असताना तिथल्या संगीत विभागाच्या प्रमुखाने त्याचं एक गाणं ऐकलं. ते ‘आलोर ऑं दांस’. २००९ मध्ये ते वाजायला लागलं आणि २०१० मध्ये युरोपातल्या अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आपण ‘डान्स नंबर’ म्हणता ते हेच गाणं. आता ते नीट ऐकून बघा. किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, चारही मात्रांवर सरळ पडते, बाकी सामान अगदी थोडं. सॅक्सोफोनच्या आवाजाचा एक छोटा तुकडा सुरू होतो आणि तोच तुकडा गाणं संपेपर्यंत फिरत राहतो. आमच्याकडे अशा गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर काहीतरी ‘उचलायचं’ असतं. तारसप्तकातला कोरस घाला, तंतुवाद्यांचा ताफा आणा, किक दुप्पट करा. निर्माता मागे उभा राहून तेच सांगत असतो. स्ट्रोमाएने यातलं काहीच केलेलं नाही. गाणं पुढे जात नाही, गोल फिरतं. शब्दही तसेच आहेत. शिक्षण झालं की नोकरी, नोकरी आली की पैसा, पैसा आला की खर्च, खर्चामागून कर्ज, कर्जामागून वसुलीवाला. प्रेम म्हटलं की मुलं आणि कायमचं म्हटलं की घटस्फोट. सगळं इतकं अंगावर आलंय की चला, नाचू या. आणि नाच संपला तरी ते सगळं जागच्या जागीच आहे. आवाज बघा कसा लावलाय त्याने, दिवसभर राबून आलेल्या माणसाचा. या गाण्यावर लोक हात वर करून नाचले, त्यात चूक काही नाही, ते नाचण्यासाठीच आहे. पण त्याच्या पोटात काय आहे हे वाचकाला सांगितलं नाही, तर आपण त्याला अर्धंच गाणं दिलं.

त्याच सुमारास तो इंटरनेटवर छोटे, खेळकर व्हिडिओ टाकायचा. संगणकासमोर बसून गाणं थराथराने कसं रचलं जातं ते दाखवायचा. आधी ताल, मग बेस म्हणजे खालचे खर्जाचे सूर, मग वरची धून. आमच्या धंद्यात माणसं साध्या स्नेअर ड्रमचा आवाज कुठून घेतला तेही सांगत नाहीत. त्या व्हिडिओंनी मला शिकवलं की कमी वाजवणं हीसुद्धा रचनाच आहे.

२०१० च्या ‘चीज’ या पहिल्या अल्बममध्ये मात्र तेच ते थोडं जास्त झालं, हे मी मान्य करते. बराचसा अल्बम एकाच यंत्रातून आल्यासारखा वाटतो. खरी झेप ऑगस्ट २०१३ ची, ‘रासीन कारे’ या दुसऱ्या अल्बमची.

त्यातलं ‘पापाउते’ घ्या. सुरुवातीला पियानो, दबका आवाज, मग खाली तीच सरळ किक. पण तिच्या वरून जी गिटारसारखी धून नाचत येते, ती थेट काँगोच्या नाचगाण्यांची आठवण करून देते. किक युरोपातल्या क्लबची, धून आफ्रिकेच्या मध्यातली, आणि बोलणारा मुलगा विचारतोय, बाबा, तुम्ही कुठे आहात? ज्याचे वडील मारले गेले त्याने हा प्रश्न रडक्या संथ चालीत विचारला असता तर आपण हळहळून सोडून दिलं असतं. त्याने तो नाचाच्या तालात विचारला, त्यामुळे तो शरीरात उतरतो. व्हिडिओत बाप म्हणून तो स्वतःच पुतळ्यासारखा निश्चल बसलेला आहे आणि पोरगा त्याला हलवायचा प्रयत्न करतोय.

‘फॉर्मिदाब्ल’ची तर गोष्टच वेगळी. मे २०१३ मधली पावसाळी सकाळ, ब्रसेल्समधला लुईझ नावाचा गजबजलेला ट्राम थांबा. स्ट्रोमाए दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात तिथे हिंडतोय आणि लपवलेले कॅमेरे ते टिपतायत. लोक बघतात, मोबाइल काढतात, पुढे जातात. पोलीस येतात, ओळखतात, आस्थेने विचारपूस करतात. त्या दिवशीच्या चित्रफिती लोकांनी आधी इंटरनेटवर टाकल्या आणि गायकाचं हे काय झालं म्हणून चर्चा पेटली. गाण्याचा अधिकृत व्हिडिओ नंतर आला. गाण्यात ताल जवळजवळ मागेच ठेवलाय. आवाज मोडतो, ओरडतो, पुन्हा सावरतो. जुन्या पिढीचा थोर गायक झाक ब्रेलही बेल्जियमचाच, ब्रसेल्सचाच. गाणं गायचं नाही, अंगात आणायचं, ही ब्रेलची रीत इथे स्पष्ट दिसते. दोघांची तुलना फ्रेंच समीक्षकांनी इतकी केली आहे की मी त्यात भर घालत नाही. एवढंच म्हणते की ब्रेलच्या मागे वाद्यवृंद होता आणि याच्यामागे लॅपटॉप, तरी नाट्य तेवढंच उभं राहिलं.

त्याच अल्बममध्ये केप व्हर्देची गायिका सेझारिया एव्होरा हिला वाहिलेलं गाणं आहे, कॅन्सरवरचं आहे, आणि फ्रेंच संगीतकार बिझेच्या ऑपेरातल्या ‘हाबानेरा’ या गाण्याची चाल घेऊन ट्विटरच्या तेव्हाच्या चिन्हातल्या पाखरावर रचलेलं ‘कार्मेन’ आहे. हे शेवटचं मला फारसं भावत नाही. त्यात शिकवण्याचा सूर येतो आणि चाल दुसऱ्याची असल्यामुळे त्याचा हात मोकळा चालत नाही. पण पूर्ण अल्बम पाहिला तर २०१४ च्या फ्रान्सच्या संगीत पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गायक, अल्बम आणि व्हिडिओ अशी तिन्ही बक्षिसं त्याला का मिळाली हे कळतं.

आता त्या ‘गूढ आजारा’बद्दल. २०१५ मध्ये तो आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. मलेरिया होऊ नये म्हणून लारियाम हे औषध घेतलं. त्यातलं मेफ्लोक्विन काही माणसांच्या मनावर भयंकर परिणाम करतं: टोकाची भीती, भास, नैराश्य. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला होता. स्ट्रोमाएला याचा जबर तडाखा बसला आणि दौरा अर्ध्यात थांबवावा लागला. तरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वडिलांच्या देशात, किगालीत जाऊन गायला आणि मगच थांबला. पुढे मुलाखतीत त्याने जिवावर बेतलेल्या त्या दिवसांबद्दल आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या भावाबद्दल मोकळेपणाने सांगितलं. औषधाचं नाव माहीत, वर्ष माहीत, माणसाने स्वतः सांगितलेलं. मग ‘गूढ’ कशाला लिहायचं? मानसिक त्रास म्हटला की आपली लेखणी लगेच कुजबुजायला लागते. काविळीने कुणी वर्षभर अंथरुणाला खिळला तर त्याला गायब झाला असं आपण छापत नाही.

मधली वर्षंही रिकामी नव्हती. पत्नी आणि भाऊ यांच्यासोबत तो मोझार्ट (Mosaert) नावाची संस्था चालवत होता. कपडे, चित्रफिती, रंगमंचाची कामं. २०१८ मध्ये कपड्यांच्या एका संचासाठी ‘देफिले’ हे लांबलचक गाणं केलं, २०१९ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ‘अरबेस्क’मध्ये गायला. फक्त मंचावर उभा राहत नव्हता.

९ जानेवारी २०२२ ला फ्रान्सच्या टीएफ १ वाहिनीच्या रात्रीच्या बातम्यांत तो पाहुणा होता. निवेदिकेने एकटेपणाबद्दल, आणि संगीताने त्यातून सुटायला मदत झाली का, असा प्रश्न विचारला. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर म्हणून ‘लान्फेर’ (नरक) हे गाणं गाऊ लागला. टेबलाशी बसून, थेट कॅमेऱ्यात बघत, आत्महत्येच्या विचारांवरचं गाणं. बातम्यांत जाहिरातबाजी शिरवली म्हणून तेव्हा टीकाही झाली. पत्रकारितेच्या बाजूने तो आक्षेप मी समजू शकते. पण जेवणाच्या वेळी घराघरांत चालू असलेल्या पडद्यावर एका माणसाने, मी एकटाच असा विचार करणारा नाही, असं म्हणणं, याची किंमत त्या आक्षेपाहून मोठी आहे असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर ४ मार्च २०२२ ला आलेला ‘मल्तित्यूद’ हा अल्बम माझ्या मते त्याचं आजवरचं सर्वात मोठं काम. इथे यंत्राची जागा हातांनी घेतली. यंत्र गेलं नाही, पण ते आता वादकांच्या मागे उभं राहतं. दक्षिण अमेरिकेतल्या पर्वतराजीतलं चारांगो हे छोटं तंतुवाद्य, चीनचं दोन तारांचं अर्हू, बल्गेरियाच्या पद्धतीचं स्त्रियांचं समूहगान. आई लहानपणी मुलांना दूरदूरच्या देशांत फिरवायची, असं तो सांगतो. त्या प्रवासांचे आवाज इथे आले आहेत.

‘सान्ते’, म्हणजे पेला उंचावताना म्हणतात ते ‘चिअर्स’, हे गाणं मी कामाच्या कानाने कितीदा ऐकलं असेल. चारांगोचे टोचरे सूर, खाली कुंबिया या कोलंबियाच्या नाचाच्या वळणाचा ठेका. पण तो सरळ चालत नाही. माझ्या कानाला तो अडखळतो, समेच्या जरा मागे रेंगाळतो, पेला हातात घेऊन गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसासारखा. संगणकावर असा ठेका बसवणं फार कठीण. यंत्र प्रत्येक ठोका मात्रांच्या आखीव जाळीवर नेऊन बसवतं. तो थोडासा मागे ओढायचा, पण चुकल्यासारखा वाटू द्यायचा नाही, यात रात्र जाते. आणि हा पेला कुणासाठी? रात्री उशिरा लोक मजा करत असताना जे कामावर आहेत त्यांच्यासाठी. सफाई करणारी बाई, नर्स, भट्टीवरचा बेकरीवाला, समुद्रावरचा कोळी, विमानाचा कर्मचारी. त्यांना सुट्टी नाही, म्हणून त्यांचा दिवसही सरळ चार मात्रांत बसत नाही.

‘ला सोलासित्यूद’मध्ये अर्हू आहे. एकटं असलं की सोबत हवी आणि सोबत मिळाली की कंटाळा, अशी कैफियत. अर्हूचा आवाज माणसाच्या गळ्याच्या इतका जवळ जातो की अनेक संगीतकार तो फक्त करुण रसासाठी वापरून मोकळे होतात. इथे त्याला हलक्या तालावर चालवलंय आणि त्यातून करुणही निघतं, थोडं हसूही येतं. ‘फिस द ज्वा’मध्ये हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्याचा जुना दरबारी थाट आणि ब्राझीलच्या वस्त्यांतल्या फंकचा ठेका एकत्र येतात. गाणारा आहे शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रीचा मुलगा, आणि व्हिडिओत तिला राष्ट्रप्रमुखासारखी अखेरची मानवंदना दिली जाते. दरबारी वाद्य तिथे नुसतं सजावटीला नाही, ते तिला मान देतं. शेवटची दोन गाणी, एक वाईट दिवसाचं आणि एक चांगल्या दिवसाचं, जोडीने ऐकावीत.

२०२३ मध्ये तब्येतीसाठी त्याने उरलेला दौरा रद्द केला. तेव्हाही ‘संपला’ असं छापून आलंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘आर्केन’ या अॅनिमेशन मालिकेसाठी पोम या गायिकेबरोबर त्याने गायलेलं ‘मा मेयर एनमी’ आलं, आणि ज्यांनी २०१० ची गाणी ऐकलीही नाहीत अशी पोरं आज ते गुणगुणतात. तीन अल्बम, पंधराएक वर्षं. माझ्या हिशेबात हा वेग मंद नाही. प्रत्येक वेळी ठेका कुठून आणायचा हे नव्याने शोधायला तेवढा वेळ लागतोच.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि परदेशी गाण्यावर लिहिताना त्याच्या शब्दांचा मथितार्थ दोन ओळींत का होईना, द्यावा. फ्रेंच जाणणारी माणसं मराठीत पुष्कळ आहेत, त्यांच्याकडून तो करून घेता येईल. तालाबद्दल कुणाला विचारायचं असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे.

आपली नियमित वाचक,
एक रिदम प्रोग्रामर