गेस्टचं म्हणणं खरं कशावरून?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

मालिकेतली पात्रं घेऊन तू लिहितेस त्या कथेखाली (तुमच्या भाषेत फॅनफिक्शन) कुणा गेस्टनं, म्हणजे खातं नसलेल्या निनावी वाचकानं, शिव्या घालणारा शेरा टाकला. त्यावर काल फोनवर तू एक वाक्य बोललीस आणि लगेच विषय बदललास. "आई, बाकीचे ओळखीचे आहेत म्हणून चांगलं म्हणतात. याला माझ्याशी काही देणंघेणं नाही, म्हणजे हा तरी खरं बोलत असणार." त्या शेऱ्यातल्या शिव्यांपेक्षा मला तुझ्या या हिशोबाची जास्त काळजी वाटली, म्हणून लिहायला बसले.

निनावी शेरे वाचण्यातच माझी नोकरीची वर्षं गेली, हे तुला माहीत आहे. शोधनिबंध पाठवला की दोन-तीन परीक्षक तो वाचतात आणि ते कोण हे मला कधीच कळत नाही. त्यातही खडूस माणसं भरपूर. "लेखिकेला विषयाची प्राथमिक जाण दिसत नाही" हे मला आलेलं आहे. पण तिथे संपादकाला त्या परीक्षकाचं नाव माहीत असतं. नुसतं "टाकाऊ" लिहून भागत नाही, कोणत्या पानावर, कोणत्या तक्त्यात काय चुकलं ते दाखवावं लागतं. तो निनावी असतो माझ्यापुरता. तुझा गेस्ट सगळ्या जगापुरताच निनावी आहे. "कुठे चुकलंय, दाखव" असं त्याला विचारणारं कुणी नाही. त्यामुळे तो खरं बोलेल की मनाला येईल ते बोलेल, हे त्याच्या त्या दिवसाच्या मूडवर. ("निंदकाचे घर असावे शेजारी" हे आजी तुला ऐकवेलच. पण त्या निंदकाला निदान घर तरी आहे. रोज दारात गाठ पडते, म्हणून जरा तोलून बोलतो.)

परीक्षकांचे शेरे आले की मी एकदा वाचते आणि बाजूला ठेवते. राग उतरला की एका कागदावर डावीकडे त्यांचं एकेक वाक्य उतरवते आणि उजवीकडे त्याचं मी काय करणार ते. ज्या वाक्यासमोर उजवीकडे काहीच लिहिता येत नाही, त्याला मी टीका धरत नाही. तुझ्या गेस्टचंही तसंच केलं. शिव्या गाळल्यावर तीन वाक्यं आणि एक शेपूट उरलं.

"भाषा शाळकरी आहे." हे वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही कथेखाली ठेवून बघ. बसतं. माझ्या निबंधाखालीसुद्धा बसेल. जे कुठेही बसतं ते तुझ्या कथेबद्दल नसतं. आणि खरोखरच कधीकधी शेरा लिहिणारा माणूसही नसतो. एकच मजकूर असंख्य कथांखाली डकवत जाणाऱ्या यंत्रांचा सुळसुळाट झालेला आहे. "हे तू लिहिलेलंच नाही, एआयनं लिहिलंय" असे आरोपसुद्धा त्यांनी घाऊक वाटलेत.

"लिहिणं बंद कर." हे मत नाही, हुकूम आहे. उजवीकडे रेघ मारली.

"डॉक्टर असं कधीच बोलणार नाही." हे मात्र कथेबद्दल आहे, म्हणून मी चौथं प्रकरण पुन्हा काढून वाचलं. कॅप्टन जखमी सापडतो आणि डॉक्टर त्याच्या उशाशी बसून दीड पान बोलतो. जुन्या युद्धाबद्दल, स्वतःच्या भीतीबद्दल, सगळं सांगून टाकतो. मालिकेत हा माणूस जेमतेम तोंड उघडतो. पट्टी बांधता बांधता "हलू नकोस" एवढंच म्हणेल आणि गाठ जरा जास्त घट्ट मारेल. तेव्हा हो, माझ्या मते इथे गेस्टचा मुद्दा बरोबर आहे.

पण थांब. तुझ्या बीटाच्या, म्हणजे कथा टाकण्याआधी मसुदा वाचून देणाऱ्या मैत्रिणीच्या, समासातल्या टिपा तू मला पाठवल्या होत्यास. त्याच उताऱ्याशी तिनं लिहिलंय, "इथे हा फार बोलतोय का? अर्ध्यावर तोडलं तर?" आणि खाली तू लिहिलंस, "पटतंय, बघते." म्हणजे खरी गोष्ट तुझ्यापर्यंत आधीच पोचली होती, तीही मैत्रिणीकडून, नावानिशी, नेमक्या ओळीवर बोट ठेवून. गेस्टनं त्यात नवं काय आणलं? शिव्या. ओळखीची माणसं खरं बोलत नाहीत, हा तुझा हिशोब तुझ्याच मसुद्यावर खोटा ठरतोय.

राहिलं त्याचं शेपूट, "दुसऱ्याची पात्रं उचलून कुणी लेखक होत नाही." मोरोपंतांनी एकाच रामकथेची शंभरावर रामायणं रचली. त्यातल्या एकात तर ओठ जुळवावे लागतील असं अक्षरच नाही. कथा उसनी, पात्रं उसनी, आणि सगळी करामत ती सांगायची कशी यातली. तू जिथे लिहितेस त्या आर्काइव्ह ऑफ अवर ओन या संकेतस्थळाला 2019 मध्ये विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला, तो अशाच लिखाणाच्या संग्रहाला. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नकोस.

मला विचारशील तर त्याचा राग लेखनावर नाहीच. तुझ्या शिपवर, म्हणजे तू जुळवलेल्या जोडीवर आहे. त्याला डॉक्टर दुसऱ्याच कुणाबरोबर हवाय. जोडी तू कथेच्या वरच्या टॅगमध्ये स्पष्ट लिहिली होतीस. आवडत नसेल तर वाचू नका, हा तुमच्यातला जुना नियम. त्यानं टॅग वाचला, तरी आत आला, चार प्रकरणं वाचली आणि मग चिडला. असल्या माणसाला तू परिच्छेद कितीही सुधारून दिलास तरी तो खूश होणार नाही, कारण त्याला परिच्छेद नकोच आहे.

आता करायचं काय. तू रात्री लिहून मला पाठवलेलं उत्तर झकास आहे, दोन ठिकाणी मी मोठ्यानं हसले. ते टाकू नकोस. उत्तर दिलंस की तो परत येणार, आणि कथेखाली वाचणाऱ्याला कथेऐवजी तुमचं भांडण दिसणार. शेरा काढून टाक. कथा तुझी आहे, तिच्याखालचा शेरा पुसला म्हणजे टीकेला घाबरलीस असं होत नाही. गेस्टला ब्लॉक करता येत नाही, कारण ब्लॉक करायला समोर खातं लागतं. म्हणून शेरे सरसकट बंद करायचे नसतील, तर दोनच वाटा उरतात. एक, शेरे आधी तुझ्याकडे यावेत आणि तू मंजूर केल्यावरच दिसावेत. दुसरी, फक्त खातं असलेल्यांनाच लिहू द्यायचं. पहिलीत लोकांना घाण दिसत नाही, पण तुला प्रत्येक शेरा वाचावाच लागतो, आणि आत्ता नेमकं तेच नकोय. दुसरीत खात्याच्या निमंत्रणाची वाट बघत बसलेले, लाजत दोन शब्द लिहिणारे भले गेस्टही बाहेर राहतात. याचं मलाही वाईट वाटतं. तरी कथा पूर्ण होईपर्यंत दुसरी वाट धर. मग उघड हवं तर.

कथा काढून टाकण्याचं मात्र आत्ता मनातही आणू नकोस. काढलीस की तिच्याखालचे चांगले शेरेही जातात, आणि ते लोकांनी तुला दिलेले आहेत. 'ऑर्फन' करून नाव तेवढं पुसता येतं, कथा तिथेच राहते, पण ते पुन्हा जोडता येत नाही. असले निर्णय रात्री अकरानंतर घ्यायचे नसतात.

आणि कुणी धमकी दिली, तुझं खरं नाव किंवा कॉलेज लिहिलं, किंवा तुला शोधत दुसरीकडे आलं, तर तो प्रकार वेगळा. तिथे पुसायच्या आधी स्क्रीनशॉट, मग तक्रार, आणि त्याच दिवशी मला फोन. "आई उगाच घाबरेल" असा विचार करायचा नाही.

चौथ्या प्रकरणात डॉक्टरला गप्प करणार असशील तर ती युद्धाची आठवण फेकू नकोस, छान आहे. ती कॅप्टनच्या तोंडी घालता येईल का? त्याला ताप आहेच, बरळू दे. आणि पाचव्यात यान परत वळतं की नाही ते आधी सांग. बाबाही विचारतायत, "मी वाचत होतो असं दाखवू नकोस" म्हणाले.

तुझी,
आई