डेक्स्टर गॉर्डन आणि कोपनहेगनमधील त्यांचे साथीदार

माननीय संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जॅझविषयक लेखमालेत अमेरिकन सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन यांच्यावर आलेला लेख आस्थेने लिहिलेला आहे, यात शंका नाही. मात्र परक्या मुलखात एकाकी दिवस कंठणारा, दारूत बुडालेला कलावंत असे जे चित्र त्यातून उभे राहते, ते गॉर्डन यांच्यापेक्षा त्यांनी पडद्यावर रंगवलेल्या भूमिकेचे अधिक आहे. फ्रेंच दिग्दर्शक बर्त्राँ ताव्हेर्निए यांच्या १९८६ च्या ज्या चित्रपटासाठी गॉर्डन यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, त्यातील पॅरिसवासी सॅक्सोफोनवादकाचे पात्र पियानोवादक बड पॉवेल आणि सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्या आयुष्यावर बेतलेले होते. व्यसनाने गॉर्डन यांनाही कमी छळले नाही. परंतु युरोपातील चौदा वर्षांपैकी बराच काळ ते कोपनहेगनमध्ये घर करून राहिले आणि तेथील ‘मॉन्मार्त्र’ क्लबात नेमाने वाजवत राहिले.

१९६२ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली, त्याचे कारण लेखात केवळ वर्णद्वेष असे दिले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळणाऱ्या क्लबात वाजवायचे तर पोलिसांचे परवानापत्र लागे, आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगलेल्या गॉर्डन यांना ते मिळत नव्हते. ही पद्धत १९६७ साली बंद झाली. म्हणजे ध्वनिमुद्रिका काढायला मोकळीक, पण रात्रीच्या मैफलींचे दार बंद, अशी त्यांची कोंडी झाली होती.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ‘स्थानिक वादकांच्या साथीने’ एवढ्या तीनच शब्दांत लेखकाने ज्यांची बोळवण केली, ते वादक कोण होते? डॅनिश रेडिओने १९६४ च्या उन्हाळ्यात मॉन्मार्त्रमधून प्रसारित केलेल्या मैफली आज ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने उपलब्ध आहेत. त्यांत पियानोवर बार्सिलोनाचे जन्मांध तेते मोंतोलिऊ, ड्रम्सवर कोपनहेगनचेच अलेक्स रील आणि डबल बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर नील्स-हेनिंग अर्स्टेड पेडर्सन आहेत. पेडर्सन तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते, आणि त्याआधीच अमेरिकेतील नामवंत काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाचे बोलावणे त्यांना वयामुळे नाकारावे लागले होते.

गॉर्डन यांचा टेनर सॅक्सोफोन ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, हे त्यांचे वैशिष्ट्य लेखातही आले आहे. पण मुख्य वादक असा मागे राहू लागला आणि साथीदार नकळत त्याच्यासाठी थांबू लागले, की लय ढासळलीच म्हणून समजा. त्या मैफलींत पेडर्सन यांचा बास मात्रेला मात्रा जागच्या जागी ठेवतो. गॉर्डन कितीही सैल सोडोत, तो हलत नाही. म्हणूनच तो रेंगाळणारा सूर आळसावलेला न वाटता रुबाबदार वाटतो. (संथ गीत वाजवण्यापूर्वी त्याचे शब्द खर्जात म्हणून दाखवण्याची गॉर्डन यांची लकबही त्याच रुबाबाची.) पुढे अमेरिकेहून आलेले पियानोवादक केनी ड्रू कोपनहेगनला स्थायिक झाले, आणि बेन वेबस्टर यांच्यासारखा बुजुर्ग सॅक्सोफोनवादक तेथे आला तेव्हा त्यांनाही हीच तयार मंडळी साथीला मिळाली. बाहेरून आलेल्या एका नायकामुळे एवढे घडत नाही. त्यासाठी एक जागा, ठरलेल्या रात्री आणि तेच ते साथीदार लागतात.

याची जाण मराठी वाचकाला तरी असायला हवी, कारण ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड यांच्यासारख्या अमेरिकन वादकांच्या बँडमध्ये वाजवणारे गोमंतकीय आणि पुढे हिंदी चित्रपटगीतांचे वाद्यमेळ रचणारे त्यांचे भाईबंद आपल्याच परिसरातले. त्यांतलेच एक, सेबास्टियन डिसूझा यांचे नाव तरी किती श्रोत्यांना ठाऊक होते?

लेखमालेच्या पुढील भागांत युरोपात गेलेल्या इतर अमेरिकन वादकांविषयी लिहिले जाणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्या प्रत्येक लेखासोबत उल्लेखिलेल्या ध्वनिमुद्रणातील सर्व वादकांची नावे, वाद्य आणि वर्ष यांसह चौकटीत छापावीत, अशी विनंती आहे. जागा कमी पडत असेल, तर नायकाचे छायाचित्र थोडे लहान केले तरी चालेल.

आपला,
एक वाचक, पुणे