मजुरी कापून रोजगार येत नाही, हे युरोपने पाहिले आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातील कामगार कायद्यांवर आपल्या अंकात आलेला लेख वाचला. कायद्याचे संरक्षण आणि चढे पगार यांमुळेच तिथे बेरोजगारी माजली, पगार आवरले आणि माणसे काढणे सोपे केले तेव्हा ती ओसरली, असा लेखाचा रोख आहे. मी कामगार न्यायालयात वकिली करते. हाच युक्तिवाद इथेही वरचेवर ऐकावा लागतो, म्हणून लिहिते आहे. युरोपात हा उपाय करून झाला आहे. त्याचे पुढे काय झाले, ते लेखात यायला हवे होते.

ग्रीसच्या सरकारने तुटीचे आकडे दडवले होते आणि कर्ज डोक्यावरून गेले होते, हे खरेच. मे २०१० मध्ये त्याला ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर झाले ते युरोपियन कमिशन, युरोपियन सेंट्रल बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या तिघांच्या अटींवर. एकेका कंपनीपुरता केलेला पगाराचा करार संपूर्ण उद्योगासाठी युनियनने केलेल्या करारापेक्षा वरचढ ठरवला गेला, मग त्यात पगार कमी असला तरी चालेल. युनियनचे काम केलेल्या कुणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये महिन्याचे किमान वेतन ७५१ युरोंवरून ५८६ वर आणले. पंचविशीच्या आतल्यांना तर ५११च. मजूर स्वस्त झाला की भरती होईल, असा हिशेब होता. २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांच्या वर गेली. काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक रिकाम्या हाताने परतत होते. अर्थव्यवस्था जवळजवळ एक चतुर्थांशाने आकसली. कामगाराच्या खिशातून गेलेला पैसा दुकानदाराच्या गल्ल्यातूनही गेला, मग त्याने तरी नोकर ठेवायचा कशावर? नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनीच जानेवारी २०१३ मध्ये सहकाऱ्यासोबतच्या अभ्यासात मांडले की, कपातीचा अर्थव्यवस्थेवर होणारा आघात अंदाजांमध्ये कमी धरला गेला होता.

याच काळात अथेन्समध्ये जे घडले ते मला या सगळ्या आकड्यांहून जास्त सांगून जाते. सप्टेंबर २०१३ मध्ये अर्थमंत्रालय, कर आणि कस्टम कार्यालये झाडणाऱ्या-पुसणाऱ्या ५९५ बायकांना आधी कमी पगारावर घरी बसवले आणि मग कामावरून काढले. काम खासगी ठेकेदाराकडे द्यायचे होते. बहुतेकी पन्नाशीच्या आसपासच्या, कित्येकींच्या एकटीच्या कमाईवर घर चाललेले, पगार महिना काहीशे युरो. देशाची तूट या बायकांनी केली नव्हती. त्या मंत्रालयासमोर ठाण मांडून बसल्या, हातात साफसफाईचे लाल रबरी हातमोजे घालून. पोलिसांनी रेटले, तरी उठल्या नाहीत. मे २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तर सरकार त्यांच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर सरकार बदलल्यावर, २०१५ मध्ये, त्या कामावर परतल्या. इतक्या कमी पगाराच्या माणसांविरुद्ध सरकार अपिलात जाते तेव्हा काटकसरीचा प्रश्न उरतच नाही.

पोर्तुगालनेही २०११ मध्ये ७८ अब्ज युरोंचे कर्ज घेतले, अटी तशाच. किमान वेतन ४८५ युरोंवर गोठवले, चार सार्वजनिक सुट्ट्या रद्द केल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये कामगाराची सामाजिक सुरक्षेची वर्गणी पगाराच्या ११ टक्क्यांवरून १८ वर न्यायची आणि मालकाची पावणेचोवीसवरून १८ वर आणायची, असा प्रस्ताव आला. म्हणजे कामगाराच्या पगारातून काढून सरळ मालकाला देणे. १५ सप्टेंबरला लोक लाखोंनी रस्त्यावर उतरले आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. सरकारी नोकर आणि पेन्शनरांचा सुट्टीचा व नाताळचा जादा पगार रोखणे तिथल्या घटना न्यायालयाने समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये अंतोनियो कोस्टा पंतप्रधान झाले. त्यांचे घराणे मूळचे गोव्यातले. त्यांच्या सरकारने काढून घेतलेल्या सुट्ट्या परत दिल्या आणि किमान वेतन दरवर्षी वाढवत २०१९ मध्ये ६०० युरोंवर नेले. लेखातला तर्क बरोबर असता तर बेरोजगारी वाढायला हवी होती. ती १२ टक्क्यांच्या वर होती, २०१९ मध्ये साडेसहाच्या आसपास आली, आणि त्याच वर्षी सरकारी अंदाजपत्रकात किंचित शिल्लकही पडली. पर्यटन तेजीत होते, व्याजदर पडलेले होते, बरेच तरुण आधीच देश सोडून गेले होते, हेही मान्य. सगळे श्रेय पगारवाढीला देता येणार नाही. पण पगार वाढवले म्हणून रोजगार बुडाला, असे मात्र कुणालाही म्हणता येणार नाही.

पगार आवरण्याच्या बाजूने जर्मनीचा दाखला लेखात आहे, पण अर्धाच. त्याच जर्मनीने जानेवारी २०१५ पासून देशभर तासाला साडेआठ युरो किमान वेतन लागू केले. लाखो नोकऱ्या जातील असे इशारे दिले गेले होते. तसे झाले नाही.

स्पेनबद्दल एवढेच सांगते की, तिथे तात्पुरत्या करारांची साखळी लावून माणसाला वर्षानुवर्षे कच्चा ठेवत. आपल्याकडे २४० दिवस काम भरले की कामगार हक्क सांगू शकतो, ते भरू नयेत म्हणून मध्येच कामावरून ‘ब्रेक’ देतात, त्यातलाच प्रकार. डिसेंबर २०२१ च्या सुधारणेने त्याला चाप लावला. तात्पुरत्या कामगारांचे प्रमाण झपाट्याने उतरले आणि एकूण नोकऱ्या वाढतच राहिल्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्रीसने १३ तासांच्या कामाच्या दिवसाला परवानगी दिली, याचे लेखात कौतुक आहे. ग्रीक कामगार युरोपियन युनियनमध्ये सर्वाधिक तास राबणाऱ्यांत आधीपासूनच आहे, आणि त्याच्या पगाराची क्रयशक्ती तळाच्या देशांत मोडते. तास वाढवून भले व्हायचे असते तर ते केव्हाच झाले असते. हा कायदा ऐच्छिक आहे, असे तिथले सरकार सांगते. आपल्या राज्य मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांसाठी १२ तासांना मंजुरी देताना कामगाराच्या लेखी संमतीची अट सांगितली. नेमणूकपत्राच्या गठ्ठ्यात सातव्या-आठव्या पानावर घेतलेल्या अशा ‘संमत्या’ मी कोर्टात पाहिल्या आहेत. संमती केव्हाही मागे घेता यावी आणि घेतली म्हणून नोकरी जाऊ नये, ही तरतूद कायद्यातच हवी. आपल्या दैनिकाने निदान एवढी मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर