बाळाआधी आईची विचारपूस करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या खेड्यांत घरोघर गेलेल्या आरोग्य कार्यकर्त्या, गोव्यातल्या सखी (याच कामासाठी तयार झालेल्या तिथल्याच साध्या बायका) आणि आज कुठल्याही गरीब देशात हेच काम करणाऱ्या तुम्ही सगळ्या, हे पत्र तुम्हाला आहे. बालपोषणाच्या कामात आमची नजर वजनकाट्यावर आणि वाढीच्या तक्त्यावर असते. तक्त्यातली रेघ खाली आली की कारण जुलाबात किंवा आहारात शोधायचं, ही आमची सवय. "तुम्हाला झोप लागते का? उगाच रडू येतं का?" हे आईला तुम्ही विचारलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

विकसनशील देशांत गरोदरपणी सुमारे १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ११ देशांतल्या १३,९२३ आई-बाळांच्या माहितीचा एकत्रित आढावा २०११ साली आला. नैराश्याची लक्षणं असलेल्या आईच्या बाळाचं वजन कमी असण्यासाठी शक्यतेचं गुणोत्तर १.५ निघालं, उंची खुंटण्यासाठी १.४ (१ म्हणजे काहीच फरक नाही).

हे कसं घडतं, ते तुम्ही रोज पाहता. सहा महिने झाले की बाळाला दिवसातून दोन-तीनदा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चारदा भरवावं लागतं. पुढचा घास कधी द्यायचा, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं. जिला स्वतःला भूक नाही, झोप नाही, उठून बसायचीही ताकद नाही, तिच्याकडून नेमकं हे बघणं सुटतं. अंगावरचं दूध लवकर तुटतं, लशीची तारीख चुकते. उलटंही होतं: सतत आजारी पडणारं बाळ आईला खचवतं. म्हणून अशा आईला निष्काळजी ठरवणं आम्हाला अन्यायाचं वाटतं, आणि तुम्ही तसं कधी ठरवलं नाहीत.

विचारण्यातलं तुमचं कसब बाहेरून दिसत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची १९८७ सालची एडिंबरा प्रश्नावली दहाच प्रश्नांची आहे. मागच्या सात दिवसांबद्दल विचारायचं, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. पण पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात वरच्या पर्यायाला शून्य असतं, उरलेल्या सातांत वरच्यालाच तीन. घाईत सगळे एकाच दिशेने मोजले की बेरीज निरर्थक होते. सहाव्या प्रश्नातला इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः उतरवला तर आईला काही बोधच होत नाही. जिच्यापुढे नैराश्याची शंका घ्यायची, ती १० किंवा १३ गुणांची रेषाही त्या-त्या भाषेत पडताळून घ्यावी लागते. घरातलं माणूस शेजारी बसलेलं असेल तर प्रत्येक उत्तर "सगळं ठीक" असंच येतं, म्हणून तुम्ही एकांत मिळेपर्यंत थांबता. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुधा आपोआप ओसरतं, त्यामुळे तेव्हा गुण जास्त आले तर पुन्हा जाऊन विचारता. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी पुढची मदत मिळवून देता.

रावळपिंडीच्या कामात 'नैराश्य' हा शब्द पुढे केलाच नाही. बोलणं बाळाच्या तब्येतीपासून सुरू व्हायचं, त्यामुळे घरचेही आड आले नाहीत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात आठवड्याला एक अशा चार भेटी, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीन, मग महिन्याला एक अशा नऊ. एकूण सोळा. मनाला खाली ओढणारा विचार ओळखायचा, त्याजागी उपयोगी विचार आणायचा आणि पुढच्या भेटीपर्यंत तो कृतीत उतरवून बघायचा. २००८ साली निकाल आला: गरोदरपणीच नैराश्यात असलेल्या या मातांपैकी, बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा, २३ टक्के नैराश्यात होत्या, असं बोलणं न मिळालेल्या तुलनेच्या गटात ५३ टक्के.

त्याच निकालातली दुसरी गोष्ट आम्हाला तितकीच मोलाची वाटते. बाळांचे जुलाब कमी झाले, लसीकरण सुधारलं, पण वजन-उंचीत ठळक फरक पडला नाही. अन्न, स्वच्छ पाणी, वारंवार होणारे आजार हे प्रश्न नुसत्या बोलण्याने सुटत नाहीत, ते आमच्या वाट्याचं काम आहे. आणि आई बरी होणं हे बाळाच्या किलोंत मोजायचं फळ नाही. तक्त्यावरची रेघ हलली नाही म्हणून तुमच्या भेटी बंद कराव्यात, असं कुणी म्हटलं तर आमचा त्याला विरोध असेल.

एवढी दुःखं ऐकून घेणाऱ्या तुमचंही कुणी ऐकायला हवं. रावळपिंडीच्या कार्यकर्त्यांना सुरुवातीला प्रशिक्षण दोनच दिवसांचं होतं. पुढे दर महिन्याला अर्ध्या दिवसाची बैठक व्हायची आणि अडलेल्या घरांबद्दल बोलायला तीच जागा होती. आमच्या यापुढच्या प्रत्येक आराखड्यात त्या बैठकीचा खर्च वजनकाट्यांच्या आधी लिहिलेला असेल.

तुमचे ऋणी,
बालपोषणाच्या कामातले आम्ही सारे