न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या चौकशा का फसतात?

महोदय,

न्यायालयातला लिपिक किंवा बेलिफ (समन्स बजावणारा कर्मचारी) लाच घेताना सापडला की ठळक बातमी होते, पण त्याच्या खातेनिहाय चौकशीचे पुढे काय झाले हे क्वचितच कळते. कायदा मवाळ आहे म्हणून हे लोक सुटतात, असा समज आहे. तो बरोबर नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत सगळ्या शिक्षा आहेत. जिल्ह्यातील लिपिक-शिपायांवर कारवाईचे अधिकार प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना आहेत. चौकशी फसते ती बहुधा पहिल्या आठवड्यातच, कागद हातचे गेल्यामुळे.

दंडाच्या रकमेचा अपहार असेल तर पावती पुस्तकाची स्थळप्रत (कार्यालयात राहणारी प्रत), कॅशबुक आणि बँकेचे चलन ही तिन्ही एकाच दिवशी ताब्यात हवीत. न्यायालयीन कागदांच्या प्रती देणाऱ्या नक्कल विभागाची तक्रार असेल तर अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची, अशा तिन्ही तारखांची नोंदवही हवी. पाने मोजून, क्रमांक घालून, अधीक्षकाच्या सहीने ती मोहोरबंद झाली पाहिजे. प्रत्यक्षात संशयित कर्मचारी त्याच टेबलावर बसलेला असतो आणि दप्तर त्याच्याच ताब्यात राहते. संगणकावरील नोंदींचेही तेच. एका लॉगिनवर तिघे काम करत असतील, तर ती नोंद कोणाविरुद्धच पुरावा ठरत नाही.

बेलिफच्या खोट्या अहवालाकडे तर कोणी गांभीर्याने पाहतच नाही. 'घर बंद, समन्स दाराला चिकटवले' असे घरबसल्या लिहिले की पुढे त्याची बाजू न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा होतो आणि माणसाला दावा लागल्याचेच कळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १७ नुसार घर कोणी दाखवले आणि समन्स कोणासमक्ष चिकटवले, त्यांची नावे व पत्ते अहवालात लागतात. नियम १९ नुसार अहवाल शपथेवर नसेल तर न्यायालयाने बेलिफला शपथेवर तपासणे बंधनकारक आहे. हे दोन नियम रोज पाळले, तर खोटा अहवाल जागीच उघडा पडेल.

त्यानंतर दोषारोपपत्र. 'सचोटी राखली नाही' एवढेच लिहिलेला आरोप टिकत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या पावतीने, किती रक्कम घेतली आणि ती कधीपर्यंत जमा केली नाही, हे त्यात यायला हवे. सोबत कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी लागते. खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी नेमलाच नाही, की चौकशी अधिकारी असलेले न्यायाधीश स्वतःच साक्षीदारांना उलटसुलट प्रश्न विचारतात आणि कर्मचाऱ्याला पक्षपाताचा मुद्दा आयता मिळतो. कागद नुसता दाखल करून भागत नाही, तो साक्षीदाराकडून शाबीत करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला न देता शिक्षा दिली, तर १९९३ च्या घटनापीठाच्या निकालाआधारे तो आदेश अडचणीत येतो.

फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची सवय सर्वांत घातक आहे. दोन्ही कारवाया एकाच वेळी चालू शकतात, अपवाद फार थोडे. खातेनिहाय चौकशीत संशयातीत पुरावा लागत नाही, संभाव्यतेचा कल, म्हणजे आरोप खरा असण्याची जास्त शक्यता, पुरतो. थांबता थांबता कर्मचारी निवृत्त होतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ च्या नियम २७ प्रमाणे मग चार वर्षांहून जुन्या घटनेबद्दल नवी चौकशी सुरूच करता येत नाही.

या दिरंगाईत निर्दोष माणूसही भरडला जातो. निलंबनात सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतकाच निर्वाह भत्ता मिळतो. दिल्लीच्या जिल्हा न्यायालयातील एका कर्मचाऱ्याची चौकशी नऊ वर्षांहून अधिक रेंगाळली. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये सांगितले, की अशी चौकशी शक्यतो सहा महिन्यांत आणि उशिरात उशिरा एका वर्षात संपवावी. इतरांना कालमर्यादा घालून देणाऱ्या संस्थेने आपल्याच आस्थापनेत ती पाळू नये, हे मनाला लागते.

प्रत्येक जिल्हा न्यायालयाने आपल्या संकेतस्थळावर दर सहा महिन्यांनी किती चौकशा प्रलंबित आहेत, त्यांतील वर्षावरील किती आणि निलंबित किती, एवढे आकडे नावांशिवाय प्रसिद्ध करावेत, अशी उच्च न्यायालयाला विनंती आहे. पक्षकारांनीही तोंडी कुरकुर न करता प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी तक्रार द्यावी. त्यात प्रकरण क्रमांक, तारीख, टेबल आणि मागितलेली रक्कम लिहावी, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. लाचेची मागणी झाली असेल तर पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवावे.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी