कार्डाचा फोटो सेठला कशाला?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरचा कूलर बसला. पंप जळाला होता, टाकी खालून गळत होती, म्हणून दुरुस्तीच्या भानगडीत न पडता इतवारीतल्या एका दुकानातून नवाच घेतला. एप्रिलमध्ये कूलर घ्यायला गेलेला नागपूरकर घासाघीस करतो ती निव्वळ रीत म्हणून, हे दुकानदारही जाणतो. १३,८०० रुपयांवर सौदा पटला. कार्ड मशीनमध्ये घातले, पिन टाकला, चिठ्ठी निघाली. मग काउंटरवरच्या पोराने माझे कार्ड काचेवर ठेवले, खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि फोटो घेतला. कार्ड उलटे केले, पुन्हा फोटो.

मी म्हटले, "अरे, हे काय चाललंय?"

"काका, सेठले पाठवा लागते. फोटो नसला तं कंपनीच्या स्कीमचा क्लेम भेटत नाही."

"तुझ्याजवळ चिठ्ठी आहे ना?"

"चिठ्ठीवर पुरा नंबर येतच नाही ना जी!"

पोरगा खरे तेच बोलला. चिठ्ठीवर पुरा नंबर येत नाही, कारण तो दुकानात राहू नये अशीच सारी योजना आहे. मशीनने जे झाकले ते यांनी मोबाइलने उघडे केले, आणि वर तक्रारीचा सूर असा, की मशीनच अर्धवट आहे.

हे पत्र मी गिऱ्हाईक म्हणून लिहितोय, पण मी मूळचा दुकानदार. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, आमचे साड्यांचे दुकान होते. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे ते लोखंडी हातमशीन आले. त्यावर कार्ड ठेवायचे, वर कार्बनची तीन पानी चिठ्ठी ठेवायची आणि मूठ धरून इकडून तिकडे फिरवायची. कर्रकच्च असा आवाज यायचा. कार्डावरची उठावदार अक्षरे कागदावर जशीच्या तशी उमटायची: पूर्ण नंबर, नाव, मुदत. मोठ्या रकमेला बँकेत फोन करून मंजुरीचा आकडा घ्यायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा. हरवलेल्या, चोरीच्या कार्डांची यादी बँकेकडून छापील यायची, ती गल्ल्याखाली असायची. खरे सांगायचे तर ती उघडून बघण्याचा कंटाळा यायचा. आणि काळे कार्बन? ते सरळ टोपलीत. सकाळी झाडणारी बाई टोपली रस्त्यावर रिकामी करायची. गिऱ्हाइकाचा अख्खा नंबर आम्ही रोज बर्डीच्या रस्त्यावर फेकत होतो आणि आम्हाला त्याचे काही वाटत नव्हते. म्हणून त्या पोरावर मी फार चिडलो नाही.

पण तेव्हाचे कार्ड आणि आजचे कार्ड यात फरक आहे. तेव्हा नंबर घेऊन कुणाला खरेदी करायची तर दुकानात तरी यावे लागे. आज समोरचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे असले की झाले. आपल्याकडच्या वेबसाइटवर ओटीपी मागतात, तेवढा आडोसा आहे. परदेशातल्या अनेक वेबसाइटवर तोही नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळातच बंद ठेवायला लावले, हे चांगले केले. पण माझ्या कार्डावर ते दोन्ही चालू होते. नातीच्या परदेशी परीक्षेची फी भरायला मुलाने चालू केले आणि मग बंद करायचे सगळेच विसरले. कूलर घेतला त्या रात्री जेवण सोडून आधी ते बंद केले. दुसऱ्या दिवशी कार्डच ब्लॉक केले.

आता त्या चिठ्ठीकडे जरा नीट बघू. आपल्याकडे ती खिशात चुरगळली जाते, पण तिच्यात बराच विचार आहे. बहुतेक कार्डांचा नंबर १६ आकडी असतो. सुरुवातीचे आकडे कोणत्या बँकेचे, कोणत्या प्रकारचे कार्ड ते सांगतात, शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. कार्ड कंपन्यांच्या नियमाप्रमाणे नंबर दाखवायचा झाला तरी मधले आकडे झाकलेले हवेत. बहुतेक चिठ्ठ्यांवर शेवटचे चारच उघडे असतात. पहिले सहा आणि शेवटचे चार उघडे राहिले तर मधल्या सहा आकड्यांच्या दहा लाख जुळण्या होतात. त्यातही पडताळणीच्या आकड्यामुळे नऊ दशांश बाद होऊन एक लाखच उरतात. माणसाला हे फार वाटते, संगणकाला काहीच नाही. तेव्हा आणखी दोन आकडे हाताने लिहून ठेवले तर काय बिघडले, असे म्हणण्यात अर्थ नाही.

दुकानदार म्हणेल, उद्या बँकेने पैसे अडवले, गिऱ्हाईक नाही म्हणाले, तर पुरावा काय दाखवू? पुरावा चिठ्ठीवरच छापलेला असतो. आरआरएन असे लिहिलेला बारा आकडी क्रमांक, मंजुरीचा आकडा, तारीख, वेळ, टीआयडी म्हणजे मशीनचा क्रमांक. बँक व्यवहार शोधते तो यांवरून. पिन टाकला असेल तर तसेही छापून येते. मागचे तीन आकडे तर समोरासमोरच्या व्यवहारात लागतच नाहीत, आणि व्यवहार मंजूर झाल्यावर ते कुणीही साठवायचे नाहीत असा कार्ड कंपन्यांचा नियम आहे. त्या पोराने कार्ड उलटे करून नेमका त्यांचाच फोटो घेतला.

रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन दुकानांचा कार्डाचा नंबर साठवून ठेवण्याचा मार्ग १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद केला. कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून मधल्या कुणीही नंबर साठवायचा नाही. हिशेब जुळवायला शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव ठेवता येते, बस. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकांतून जे पुसायला लावले, ते आपल्या गल्लीतल्या लांबट लाल वहीत आणि सेठच्या व्हॉट्सॲपवर खुशाल पडून आहे. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या छापील पावतीवर शेवटच्या पाचांपेक्षा जास्त आकडे आणि मुदत छापायला मनाई केली. आपल्याकडे मशीन त्याहून कमीच छापते. अडचण मशीनची नाहीच.

अडचण कशाची ते प्रतापनगरच्या एका चष्म्याच्या दुकानात पाहिले. काउंटरवर खिळा ठोकलेली लाकडी पट्टी, त्यावर दिवसभराच्या चिठ्ठ्या टोचलेल्या. प्रत्येकीच्या मागे बॉलपेनने गिऱ्हाइकाचे नाव आणि मोबाइल नंबर. पुढच्या बाजूला बँक, शेवटचे चार आकडे, रक्कम, वेळ. पंखा सुरू केला की त्या फडफडत होत्या आणि पहिल्या दोन-तीन तर रांगेत उभ्या उभ्या वाचता येत होत्या. यात पूर्ण नंबर कुठेच नाही, मग बिघडले काय? आमच्या कॉलनीतल्या एका बाईंना मागच्या वर्षी फोन आला. दुकानाचे नाव बरोबर, रक्कम बरोबर, कार्डाचे शेवटचे चार आकडेही बरोबर. "मॅडम, त्या खरेदीवर कॅशबॅक आलाय, फक्त ओटीपी सांगा." बाई सांगणारच होत्या. एवढे सगळे अचूक सांगणारा माणूस बँकेचाच असणार ना! लेक शेजारी बसली होती म्हणून निभावले.

आणखी एक आमच्या उन्हाचे. या चिठ्ठीचा कागद थर्मल असतो, शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटते. मे महिन्यात गल्ल्यात किंवा स्कूटरच्या डिकीत राहिली की काळी पडते, नाहीतर अक्षर उडते. म्हणून हुशार दुकानदार तिची झेरॉक्स काढून फायलीला लावतात. झेरॉक्सवाल्याकडे एक प्रत बिघडते, तिथेच पडते. वर्ष-दोन वर्षांनी फाइल रद्दीत जाते. पुढे त्या कागदाची फुटाण्याची पुडी होते की आणखी काही, कोण विचारतो?

हॉटेलात "पिन सांगा, मीच टाकतो" म्हणणाऱ्यांबद्दल काय लिहावे! तिथे दोष आपला जास्त. आपण सांगतो.

आणि हे गिऱ्हाइकालाच भोवते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना बँकेची ना आपली, अशा फसवणुकीची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर आपल्यावर काही जबाबदारी येत नाही. पण आपणच गुप्त तपशील कुणाला दिले असतील तर खबर देईपर्यंतचा तोटा आपला. कार्ड हसत हसत फोटोसाठी पुढे करणारा माणूस उद्या बँकेपुढे काय सांगणार? पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, हे माहीत असावे.

माझे म्हणणे दुकानदारांना दोष देण्याचे नाही. मशीन बसवायला येणारा पोरगा दोन रोल देतो, काचेला स्टिकर लावतो, एकदा रुपयाचा व्यवहार करून दाखवतो आणि निघतो. वहीत काय लिहायचे नाही, हे त्याने कधी कुणाला सांगितलेले मी ऐकले नाही. मशीन देणाऱ्या बँकांनी त्याच वेळी मराठीत आणि हिंदीत एक पान द्यावे. स्कीमसाठी कार्डाचा फोटो खरेच कुणी कंपनी मागत असेल तर ते नाव वितरकांनी उघड सांगावे, आणि नसेल मागत तर ही पद्धत आजच बंद करावी. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी इमारत आहे, नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स शहरात आहे. इतवारी, गांधीबाग, महालच्या दुकानदारांना बोलावून तासभर समजावणे दोघांनाही जड नाही. सभागृहापेक्षा दुकानात जाऊन सांगितले तर जास्त लागू पडेल, कारण धंद्याच्या वेळी गल्ला सोडून कुणी येत नाही. मीही गेलो नसतो.

चार दिवसांनी मी त्या दुकानात परत गेलो. पोराने माझ्यासमोर गॅलरीतून दोन्ही फोटो काढून टाकले. मी म्हटले, डिलीट झालेल्यांच्या फोल्डरमधूनही काढ. तेही काढले. "आणि सेठच्या मोबाइलवरचे?" तर म्हणाला, "सेठ रायपूरला गेले जी, आले की सांगतो." अजून काही कळलेले नाही. कार्ड बंद आहे म्हणून मीही मागे लागलो नाही.

त्या निमित्ताने घरचा माळा उघडला. दुकान आवरले तेव्हाची खोकी तिथे आहेत. एकात जुन्या कार्बनच्या चिठ्ठ्या निघाल्या, रबर कुजून गेलेले, पण नंबर अजून स्वच्छ वाचता येतात. काही नावे ओळखीची. कार्डे कधीच संपली असतील, काही माणसेही. रविवारी अंगणात बादलीत पाणी घेऊन बसलो आणि एकेक गठ्ठा भिजवून फाडला. एक खोके झाले, दुसरे राहिले आहे.

आपला,
एक निवृत्त दुकानदार
प्रतापनगर, नागपूर